गाडी खाली होती

१

जावेदच्या सदऱ्याला दारूचा वास येत होता, आणि जावेदनं जन्मात दारू प्यायलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून रुबिनानं सदरा धुतला नाही.

सासूबाईंनी, म्हणजे नजमुन्निसांनी, दोनदा टोकलं. लोणारात अख्खा मोहल्ला त्यांना अम्मी म्हणायचा, आणि त्यांच्या घरात देशी दारूचा भपकारा. "धुऊन टाक बेटा, कुणी आलं तर काय सांगायचं," असं त्यांचं चाललेलं. रुबिनानं सदरा दारात उजेडाला नेला आणि नाकाशी धरला. छातीला वास नाही, गळ्याशी नाही, बाह्यांना नाही. वास सगळा पाठीला. पिणाऱ्याच्या अंगावर सांडते ती पुढून सांडते. पाठीनं पिणारा माणूस तिनं तरी पाहिला नव्हता.

तिनं सदरा पिशवीत घालून गाठ मारली आणि कपाटावर ठेवला. मग लेकीच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. उमैमा झोपली की रुबिना हे दर थोड्या वेळानं करायची. सासूबाई हसायच्या, पण तिला राहवायचं नाही.

जावेद अर्जुनरावांची पिकअप चालवायचा. लोणारातून माल भरायचा, बुलढाण्याच्या बाजारात उतरवायचा, परत यायचं. त्या दिवशी माल उतरवून तो नमाजला गेला, मग जेवायला. पिकअपची काच रोजच्यासारखी अर्धी उघडी. परत येऊन बसला तर गादी ओली. वास आला, त्याला वाटलं हमालांपैकी कुणी बसून गेलं असेल. दोन शिव्या घातल्या, काचा पूर्ण उघडल्या आणि निघाला. चिखली रोडवर पोलिसांनी अडवलं. गादीमागे देशीची बाटली निघाली. फुंकायचं मशीन बंद होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं आणि कपड्यांना वास येतो असं लिहून दिलं. रक्ताचा रिपोर्ट यायला किती महिने लागतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मी नाही पेलो म्हटलं," जावेद सांगत होता, "तं मलेच विचारतात, मंग वास काऊन येते?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? वास तं येतच होता."

रुबिनाला त्याचा राग आला आणि कीवही आली. खरं बोलायची खोड असलेल्या माणसाला पोलिसांसमोर उभं करू नये. आठ दिवसांनी तारीख होती. कोर्ट विचारणार, गुन्हा कबूल आहे का. जावेद हो म्हणाला की उमैमा जन्मभर दारुड्याची पोरगी. तिला वकील शोधायचा होता, आणि त्याआधी तिला हे शोधायचं होतं की गादीवर दारू कुणी ओतली.

२

वकील मात्र तिला शोधावा लागलाच नाही. तो आधीच हजर होता.

जावेद ठाण्यातून सुटला तेव्हा फाटकाशीच ॲडव्होकेट प्रभुदेसाई उभे होते. गोरे, चष्मा, पांढरा शर्ट इस्त्रीचा. ड्रायव्हर लोकांच्या केसेस आपण फी न घेता चालवतो, समाजाचं देणं लागतो, असं म्हणून त्यांनी कार्ड दिलं. जावेदला तो अल्लाहनं पाठवलेला माणूस वाटला. रुबिनाला वाटलं, बघून यावं. उमैमाला कडेवर घेऊन ती नवऱ्याबरोबर एसटीनं बुलढाण्याला गेली.

प्रभुदेसाईंचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. खुर्च्या चांगल्या, पंखा चालू, बोलणं मऊ. त्यांनी समजावलं: पहिलाच गुन्हा आहे, कबूल करून टाका, दंड होईल, लायसन काही दिवस अडकेल, विषय संपेल. लढत बसलात तर वर्षानुवर्षं खेटे. लेकरू लहान आहे, कशाला त्रास.

"पण त्यांनी घेतलेली नाही," रुबिना म्हणाली.

"ताई, कोर्टाला खरंखोटं नको असतं, निकाल हवा असतो."

तेवढ्यात उमैमानं भोकाड पसरलं. रुबिनानं पिशवीतून दुधाची बाटली काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत पिशवीत टाकली. "थांबा साहेब," ती म्हणाली, "बाटली खाली आहे."

प्रभुदेसाई खुर्ची मागे सारून वाकले आणि टेबलाखाली पाहू लागले. "कुठे पडली? दिसत नाहीये."

रुबिनाला हसू आवरेना. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा हसली. बाटली रिकामी आहे असं मग तिनं पुस्तकातल्या मराठीत सांगितलं. साहेबही हसले. म्हणाले, बायकोच्या नोकरीमुळे रत्नागिरीहून नुकताच इकडे आलोय, तुमची भाषा अजून कानात बसायची आहे. माणूस वाईट वाटत नव्हता. तेच तिला खटकत राहिलं.

तिथून ती एका नामांकित वकिलांकडे गेली. त्यांच्याकडे इतकी गर्दी की उभं राहावं लागलं. रुबिनानं ठरवून तेच वाक्य टाकलं, त्यांनी घेतलेली नाही म्हणून. त्यांनी मान वरही केली नाही. "सगळे हेच म्हणतात. किती घेतली होती ते सांगा, मग आपण ठरवू काय बोलायचं."

तिसरा दरवाजा जिन्याखालच्या खोलीचा. ॲडव्होकेट जयमाला. केस पांढरे, आवाज भांडकुदळ, टेबलावर चहाच्या कपाचे गोल डाग. रुबिनानं तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

"मग त्यांचं रक्त काही गुन्हा कबूल करणार नाही," जयमालाबाई म्हणाल्या. "रिपोर्ट येईपर्यंत तुम्हाला घाई काय? घाई कुणाला आहे?"

परतीच्या एसटीत जावेद म्हणाला, प्रभुदेसाईच बरे, मिटून जाईल. तारखेच्या पुढच्याच आठवड्यात सत्यभामाबाईच्या अपघाताच्या केसमध्ये साक्षीला यायचंच आहे, किती वेळा कोर्टाची पायरी चढायची. घाई कुणाला आहे, हा प्रश्न रुबिनाच्या डोक्यात बसून एसटीबरोबर हादरत होता.

३

सगळ्यात आधी तिचा संशय निजामवर गेला.

निजाम जावेदचा जोडीदार, अर्जुनरावांची जुनी गाडी चालवायचा. नव्या पिकअपवर त्याचा डोळा होता हे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पिकअपची दुसरी चावी त्याच्याकडे असायची. आणि गाडी ठाण्यातून सुटली त्याच दिवशी तो नव्या पिकअपमध्ये बसून, कोपर खिडकीबाहेर काढून, घरावरून गेला.

रुबिनानं त्याला चौकात गाठलं. चहाच्या टपरीवर चार माणसं उभी होती, तरी ती थांबली नाही.

"निजामभाई, गादी वाळली का?"

त्याचा चेहरा पडला. "भाभी, मले असं विचारू नका. सेठनं गाडी देल्ली, मी घेतली. नाही घेतली असती तं दुसऱ्यानं घेतली असती." मग खालच्या आवाजात म्हणाला, त्या दिवशी तो मेहकरला टायर बदलत होता आणि ते टायरवाला सांगेल. "गाडी पाहिजे होती, खरं हाय. जावेदची इज्जत नव्हती पाहिजे."

अर्जुनरावांकडे गेली तर त्यांनी ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं. जावेदनं दिवाळीआधी पगार वाढवून मागितला होता, त्यावरून दोघांची बोलाचाली झाली होती. ड्रायव्हर काढून टाकायला यापेक्षा सोपं कारण कोणतं? रुबिनानं तेही तोंडावर विचारलं.

"काढायचा असता तं सरळ सांगतलं असतं, उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. "माही गाडी ठाण्यात लावून मले काय भेटते? माल अडकला, गिऱ्हाईक तुटलं." पण केस मिटेपर्यंत जावेदला गाडीवर बसवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. लोक बोलतात.

ती उठली. दारात वळून म्हणाली, "मिटणार नाही सेठ. निकाल लागेल."

बोलून गेली खरी. घरी येईपर्यंत ती हिशेब मांडत होती. दोन संशयित होते, दोघंही हातातून सुटले. तारीख जवळ येत होती. आणि घरात सासूबाईंनी प्रभुदेसाईंना निरोप पाठवायला जावेदला राजी केलं होतं.

४

रुबिना पुन्हा बुलढाण्याला गेली, या वेळी एकटी, म्हणजे उमैमासकट. जावेदला पकडणारे हवालदार कडूबा ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसले होते. जाडजूड, घामेजलेले, आपल्यालाच कंटाळलेले. पोलिसांना कसं विचारतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं सरळच विचारलं, की चिखली रोडवर माझ्याच नवऱ्याला काऊन थांबवलं.

"थांबवलं नाही बाई, शोधलं. फोन आल्ता," कडूबा म्हणाले, आणि उमैमानं त्यांच्या शिट्टीची दोरी मुठीत धरली. त्यांनी ती सोडवली नाही. "तुमच्या मालकापायी आमची दुपार उन्हात गेली."

"कोणाचा फोन?"

"नाव कोण सांगते? बोलणं मोठं साफ होतं, रेडिओवर सांगतात तसं. म्हणे, अमुक नंबरची पिकअप, ड्रायव्हर पिऊन तर्र हाय, गाडी सध्या घाटाखाली हाय. आम्ही राजूर घाट उतरलो, पायथ्याशी उभे राहिलो. गाडीचा पत्ता नाही. वैतागून वर आलो, तं चिखली रोडवर हे महाशय समोरच."

ती उमैमाला घेऊन तिथेच पायरीवर बसली. बुलढाणा घाटावर. राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूर. लोणार त्याच्या बरोबर उलट्या बाजूला. जावेद त्या दिवशी घाटाखाली गेलाच नव्हता. अर्जुनरावांची गाडी घाट कधीच उतरत नव्हती.

मग फोन करणाऱ्याला गाडी खाली आहे असं वाटलं तरी कशावरून?

५

घरी येताच तिनं जावेदला समोर बसवलं. माल उतरवल्यावर काय केलं, कुणाशी बोललात, कोणते शब्द बोललात, सगळं.

जावेद वैतागला. रोजचंच, म्हणाला. नमाजला जायच्या आधी बाजारात उभं राहून सेठला फोन लावला. गलका होता म्हणून ओरडून बोललो.

"काय बोललात?"

"हेच. सेठ, गाडी खाली आहे, निघतो."

रुबिनानं त्याच्याकडे पाहिलं आणि नुसतं पाहतच राहिली. सासूबाईंना वाटलं भांडण झालं, त्या उमैमाला घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत ती जयमालाबाईंना सांगत होती, भरभर, श्वास न घेता. गाडीत दारू ओतणारा एक आणि फोन करणारा दुसरा. ओतणाऱ्यानं गाडी बाजारात उभी असलेली पाहिली, तो ती घाटाखाली आहे असं म्हणणार नाही. फोन करणाऱ्यानं गाडी पाहिलीच नाही. त्यानं फक्त एक वाक्य ऐकलं, ओतणाऱ्याच्या तोंडून: जावेदची गाडी खाली आहे, निघतोय. आपल्याकडे गाडी खाली म्हणजे माल उतरवून मोकळी झालेली. निजामला हे कळतं, अर्जुनरावांना कळतं, बाजारातल्या कुठल्याही हमालाला कळतं. ज्याला कळत नाही तो काय समजेल? खाली म्हणजे खालच्या बाजूला. आणि बुलढाण्यात राहून खालची बाजू म्हणजे एकच, घाटाखाली.

"म्हणजे बाहेरचा माणूस," जयमालाबाई म्हणाल्या. "बोली न कळणारा. बाहेरची माणसं पुष्कळ आहेत इथं."

"मी बाटली खाली आहे म्हटलं, तर टेबलाखाली वाकून बघणारा एकच आहे. आणि जावेद सुटायच्या आधी ठाण्याच्या फाटकाशी उभा असलेलाही तोच."

जयमालाबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "प्रभुदेसाईचं तुमच्या नवऱ्याशी काय वाकडं? त्याला काय मिळणार? वकील माणूस केसशिवाय हलत नाही. तुमच्या नवऱ्याचं कोर्टात आणखी काही आहे का?"

रुबिना नाही म्हणणार होती. मग तिला आठवलं. केस नव्हती, साक्ष होती. हिवरा आश्रमच्या फाट्यावर एका भरधाव कारनं सत्यभामाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईला उडवलं होतं. जावेद मागून येत होता. त्यानंच बाईंना पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. बाई वाचल्या, पाय गेला. कारमधून झिंगत उतरलेला माणूस जावेदनं पाहिला होता. अविनाश, बुलढाण्याच्या बाजारातल्या आडतदाराचा मुलगा. दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"अविनाशचा वकील कोण आहे, माहीत आहे तुम्हाला?" जयमालाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं, "प्रभुदेसाई."

आता सगळं जागेवर बसलं. बाजारात ओरडून बोललेलं वाक्य अविनाशनं आपल्या आडतीतून ऐकलं. उघड्या काचेतून बाटली ओतली, उरलेली मागे टाकली. वकिलाला फोन करून सांगितलं, काम झालं, गाडी खाली आहे, निघतोय. वकिलानं ते वाक्य आपल्या मराठीत उलथवून पोलिसांना दिलं. आणि नंतर फुकट केस चालवायला स्वतःच हजर झाला, कारण जावेद एकदा कोर्टात कबूल म्हणाला की पुढच्या आठवड्यातली साक्ष दारुड्याची साक्ष होणार होती. रिपोर्ट आला असता तर सगळंच फिसकटलं असतं. घाई होती ती याची.

"हे सिद्ध होईल?" रुबिनानं विचारलं.

"फोन कुठून आला ते काढायला अर्ज करू. वेळ लागेल. कदाचित होणारही नाही." जयमालाबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला खोटं सांगणार नाही."

रुबिनाला हवा होता तो वकील हाच होता.

६

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात प्रभुदेसाई वकीलपत्र घेऊन आले. जावेदच्या सहीची जागा दाखवून पेन पुढे केलं. जावेदनं पेन घेतलं नाही, बायकोकडे पाहिलं.

उमैमा कडेवर, पदर खांद्यावर, अशी रुबिना पुढे झाली. तिनं गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"साहेब, गाडी खाली आहे म्हणजे काय?"

प्रभुदेसाई हसले. "ताई, आता ही काय वेळ आहे?"

"तुम्ही पोलिसांना घाटाखाली पाठवलं. गाडी खाली म्हणजे रिकामी हो साहेब. अविनाशनं तुम्हाला वऱ्हाडीत सांगितलं, तुम्ही रत्नागिरीत ऐकलं."

बाकावर बसलेला एक म्हातारा फसकन हसला. एक-दोघं वळून पाहू लागले. प्रभुदेसाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण पेन धरलेला हात खाली आला. ते जवळ सरकले आणि हळू म्हणाले, "एका शब्दावरून गुन्हा सिद्ध होत नसतो."

"गुन्हा सिद्ध करायला मी कुठं आले? मी वकील निवडायला आले होते," रुबिना म्हणाली. "निवडला."

मागे जयमालाबाई काळा कोट चढवत उभ्या होत्या. त्यांनी जावेदला दंडाला धरून आत नेलं. आतून पुकारा झाला. न्यायाधीशांनी दोषारोप वाचून दाखवला आणि विचारलं, कबूल आहे का. जावेदचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"कबूल नाही."

७

पुढच्या आठवड्यात जावेद साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. गाडी अजून निजामकडेच होती, रक्ताचा रिपोर्ट आलेला नव्हता, आणि फोनच्या अर्जावर कुणी सही केलेली नव्हती. अविनाशच्या बाजूनं आता दुसरेच वकील होते. प्रभुदेसाईंनी तब्येतीचं कारण देऊन केस सोडली होती. जयमालाबाई म्हणाल्या, त्यांची तब्येत या जन्मात सुधारणार नाही असं आपण पाहू.

कोर्टाच्या मागच्या बाकावर कुबड्या भिंतीला टेकवून सत्यभामाबाई बसल्या होत्या. रुबिना त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"तूच का त्या डायवरची?" बाईंनी विचारलं. "गावात म्हणतात, दारू पेते तो. माह्या केसचं आता काही खरं नाही म्हणतात."

"म्हणू द्या. तुम्ही ऐका फक्त."

सरकारी वकिलांनी जावेदचं नाव-गाव विचारलं, तेवढ्यात नवे वकील मध्येच उठले. त्यांनी पहिलाच प्रश्न तो केला. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुमच्यावर केस आहे, हे खरं की खोटं?

"केस आहे, हे खरं," जावेद म्हणाला. "दारू खोटी. मी कबूल नाही केली, करणारही नाही. आता त्या रात्री फाट्यावर मी काय पाहिलं, ते सांगू का?"

वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी हात वर केला आणि म्हणाले, सांगू द्या.

जावेद सांगू लागला. कारचा रंग, दार उघडल्याचा आवाज, झिंगत उतरलेला माणूस, रस्त्यावर पडलेली बाई. आरोपीच्या बाकावर अविनाश खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात उमैमा जागी झाली आणि तिनं सूर लावला. दारातल्या शिपायानं रुबिनाला खुणावलं, लेकराला घेऊन बाहेर व्हा. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. शिपायानं पुन्हा खुणावलं. सत्यभामाबाईंनी आपला सुरकुतलेला हात तिच्या मनगटावर ठेवला आणि घट्ट धरला.

रुबिना जागची हलली नाही. पिंजऱ्यातून जावेदनं एकदा वळून पाहिलं, ती तिथेच आहे हे बघितलं, आणि पुढचं सांगायला लागला.